पट्टकादंब निघाले, आम्ही पोचलो

आमच्या पक्षीमंडळाची भिगवणची सहल दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात असते. यंदा ती होळीच्या दहा दिवस आधी गेली. आधी कुणाकडे लग्न निघालं, मग बस मिळेना, मग मुलांच्या परीक्षा. शेवटी सर म्हणाले, "आता जे उरलं असेल ते बघू, पण जाऊ." सर म्हणजे मंडळाचे कर्तेधर्ते. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण आम्ही बावीस जण त्यांच्या दृष्टीने अजून वर्गातच बसलेलो आहोत.

वसंतात पक्षी बघायला जायचं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता पाखरं येत असणार. पुस्तकांमधला वसंत तसाच असतो. दख्खनच्या पठारावर मात्र फाल्गुन हा सामान बांधायचा महिना. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आलेले पाहुणे याच सुमाराला निघू लागतात, आणि इथली कायमची मंडळी गळा मोकळा करून संसाराला लागतात. म्हणजे सहल लांबली ती वाईट झाली असंही नाही. एरवी बघायला मिळत नाही असं काहीतरी बघायला मिळणार होतं, फक्त ते काय असेल हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

शुक्रवार

साडेबाराला निघायचं होतं, एक वीसला बस हलली. ड्रायव्हरदादा नवीन होते. हडपसर ओलांडल्यावर त्यांनी आरशातून विचारलं, "कुठलं देवस्थान आहे तिकडं?" पक्षी बघायला चाललोय म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बघून?" म्हणजे, बघून पुढे काय करता. याचं नीट उत्तर बसमधल्या एकालाही देता आलं नाही.

यवतच्या पुढे खरा घोटाळा उघडकीला आला. मंडळाकडे एकच स्कोप आहे, म्हणजे तिवईवर लावायची मोठी दुर्बीण, तो डॉक्टरीणबाई सांभाळतात. तिवई आणली होती, स्कोप आणला होता, दोघांना जोडणारी प्लेट मात्र घरी दुसऱ्या तिवईवर राहिली होती. काडेपेटीएवढा धातूचा तुकडा, पण तो नसला की स्कोप म्हणजे नुसतं जड नळकांडं. त्यावर बाई पाटस येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत.

भिगवणच्या पुढे महामार्ग सोडून कुंभारगावला पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. उजनी धरणाचं हे पाणपसाऱ्याचं टोक. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं आणि पाणी मागे मागे सरकत इथवर आलं. कितीतरी गावं पाण्याखाली गेली, शेती गेली, आणि शेतकऱ्यांची मुलं नातवंडं मासेमारीत आली. आता त्यातलेच काही जण हिवाळ्यात पक्षी दाखवतात. आमचा मुक्काम अशाच एका नावाड्याच्या घरी. त्यांनी बॅगा उतरवता उतरवताच सांगून टाकलं, "राजहंस बघायला आला असाल तर उशीर केला सर. परवापर्यंत तीनशेच्या आसपास होते. काल बघितलं तर रान मोकळं."

राजहंस म्हणजे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, म्हणून पट्टकादंब. भिगवणला लोक त्यांना राजहंसच म्हणतात. सहावीत शिकणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी मुलगी केवळ त्यांच्यासाठी आली होती. तिचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "पक्षी आपल्या तारखा विचारून येत-जात नाहीत." हे वाक्य ते दर सहलीला म्हणतात, आणि दर वेळी ते कुणाच्याच कामाचं नसतं.

नावाड्याच्या आईने स्कोपची अडचण ऐकली आणि आतून कोंड्याचं अर्धं भरलेलं पोतं आणून दिलं. "ह्याच्यावर ठेवून बघा." ठेवून बघितलं. नळकांडं पोत्यात छान रुतून बसलं, तिवईपेक्षा कमी हललं. पुढचे तीन दिवस ते पोतं आमच्याबरोबर फिरलं.

संध्याकाळी काठावरच थांबलो. मार्चपर्यंत कालव्यांना पाणी सुटून सुटून जलाशय उतरलेला असतो, काठचा चिखल उघडा पडतो, आणि चिखलावरची गर्दी सुरू होते. शेकाटे लांब गुलाबी पायांनी असे चालत होते की जणू पाय ओले होऊ नयेत एवढीच काळजी. पलीकडे काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांचा थवा लांब चोची मुळापर्यंत चिखलात खुपसून खात होता. पोत्यावर पालथं पडून स्कोपमधून बघितलं तर त्यातल्या काहींच्या मानेवर, छातीवर विटकरी रंग चढू लागलेला. हिवाळाभर हा पक्षी राखाडी असतो. विटकरी रंग हा त्याचा विणीचा पोशाख, आणि वीण होणार उत्तरेत, हजारो किलोमीटरवर. कपडे मात्र इथूनच बदलून निघायचं. जानेवारीत आम्ही दहा वर्षं हे पक्षी बघत आलो होतो आणि हा रंग कुणी पाहिलाच नव्हता.

तेवढ्यात एक नाव काठाकडे येत होती, तिच्यामागे कुरवांचा कल्लोळ. नावेतली मंडळी मुठी भरभरून फरसाण उधळत होती आणि दुसऱ्या हाताने फोटो काढत होती. भिगवणचे निम्मे फोटो असेच निघतात, हे आता कुणापासून लपलेलं नाही. कुरव हा मिळेल ते खाणारा पक्षी, तो येणारच. पण तेलकट-खारट शेव हे काही त्याचं अन्न नाही, आणि नावेमागे धावायची सवय लागली की तो मासे शोधायचं काम सोडतो. त्यापेक्षा वाईट म्हणजे हा गोंगाट चिखलावरच्या बाकी सगळ्यांना उठवतो. लांबच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायची असते, त्या दिवसांत असं दर अर्ध्या तासाने उठावं लागणं म्हणजे ताटावरून उठवण्यासारखं. आमच्या नावाड्यांनीही विचारलं होतं, उद्या शेव घ्यायची का. सरांनी नको म्हटल्यावर ते हसले. "बरंच झालं. पण गिऱ्हाईक मागतं हो." त्यांना तरी काय बोलायचं. दोष मागणाऱ्याचा.

अंधार पडायच्या बेताला भोरड्या आल्या. आधी एक काळसर डाग, मग दुसरा, मग सगळे डाग एकमेकांत शिरले आणि आकाशात धूर लोळावा तसं काहीतरी होऊ लागलं. गोल, लांबट, मधेच पिळलेलं, मधेच फाटलेलं. वरून एक ससाणा सुटला की धूर एका जागी घट्ट काळा व्हायचा. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून पावसाळ्यातच आपल्याकडे येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. ज्वारीच्या शेतकऱ्याला त्या मुळीच आवडत नाहीत, गोफण घेऊन माळ्यावर उभं राहायला लावतात. पण आता शाळू काढून झालेला, भोरड्या पळसाच्या आणि सावरीच्या फुलांतला मध पीत हिंडत होत्या. अर्ध्या तासात सगळ्या बाभळींत उतरल्या आणि इतका कलकलाट केला की आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं.

रात्री जेवणानंतर यादीवाचन. ही मंडळाची जुनी प्रथा: एकाने छापील चेकलिस्टमधलं एकेक नाव वाचायचं, बघितला असेल त्याने हात वर करायचा, दोन साक्षीदार हवेत. पहिल्या दिवशी सत्तेचाळीस.

शनिवार

साडेसहाला नावा सुटल्या. पाण्यावर वाफ, आणि फाल्गुन असूनही स्वेटर काढवत नव्हता. मोठं पाणी ओलांडल्यावर इंजिन बंद करून नावाडी बांबूने नाव ढकलू लागले. तो क्षण मला दर वेळी आवडतो. इंजिन थांबलं की आधी कान बधिर असल्यासारखे वाटतात, मग एकेक आवाज वर येतो. टिबुकलीची किणकिण, सुरयांची चिरकी हाक, आणि खूप लांबून बायका दळताना बोलाव्यात तशी कुजबुज. ती रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची.

वाटेत वारकऱ्यांचे तांडे लागले. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून या पाणपक्ष्याचं नाव वारकरी. बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले, "बघा, पाणी भीमेचं, तेच खाली पंढरपूरला चंद्रभागा म्हणून जातं, आणि हे इथंच बसलेत माळ घालून." हा विनोदही दरवर्षी होतो आणि दरवर्षी हसू येतं.

रोहित सुमारे दीडशे मीटरवर होते. नावाडी त्याहून जवळ न्यायला तयार होते. सर नको म्हणाले. जवळ गेलं की आधी माना वर होतात, मग चालणं सुरू होतं, मग उडणं. माना वर झाल्या की थांबायचं, एवढा साधा नियम आहे. आम्ही थांबलो, आणि दहा मिनिटांत माना पुन्हा खाली गेल्या.

मान खाली गेल्यावर रोहित काय करतो ते शांतपणे बघण्यासारखं असतं. डोकं पूर्ण उलटं, चोचीची वरची बाजू खाली. पाय जागच्या जागी तुडवत राहतात, चिखल ढवळला जातो. जाड जीभ आतबाहेर करून पाणी ओढायचं आणि चोचीच्या कडेच्या दातेरी झालरीतून बाहेर टाकायचं. शैवाल, किडे, बारीक शिंपले मागे राहतात. त्या खाण्यातलंच रंगद्रव्य पिसांत उतरतं आणि पक्षी गुलाबी होतो. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची पिल्लं म्हणून करडीच दिसतात. थव्याच्या कडेला अशी सहा-सात होती, पायही आखूड, मोठ्यांच्या मागे मागे. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. पाऊस बरा झाला आणि रणात पाणी साचलं तरच.

मग मोजणी. हा आमच्या मंडळाचा सगळ्यात भांडकुदळ कार्यक्रम. पद्धत सोपी आहे: आधी दहा पक्षी मोजायचे, ते डोळ्यांत केवढी जागा घेतात ते लक्षात ठेवायचं, तेवढे तुकडे थव्यावर टाकत जायचं. प्रत्येकाने आपला आकडा कुणाला न सांगता लिहायचा. माझा आला २६०. डॉक्टरीणबाईंचा ३१०. काकांचा १८०. सहावीतलीचा २४०, तो तिने खाडाखोड करून २३५ केलेला. नंतर घरी फोटो मोठा करून, प्रत्येक डोक्यावर ठिपका देऊन मोजलं तेव्हा २४३ भरले. तेव्हापासून ती फार भाव खाते आहे.

परतीच्या वाटेवर एक कुरव खांबावर बसला होता, पाच-सहा मीटरवरून बघता आला. तपकिरी डोक्याचा कुरव. नाव असं असलं तरी हिवाळाभर त्याचं डोकं पांढरं असतं, कानामागे फक्त एक शाईचा डाग. म्हणून नवखी माणसं नेहमी विचारतात, तपकिरी डोकं कुठाय? याचं अर्धं तपकिरी झालं होतं. कपाळाकडून टोपी चढत चढत डोळ्यांमागे थांबलेली, मध्ये पांढऱ्या पिसांचे ठिगळ, जणू न्हाव्याने अर्ध्यावर सोडून दिलंय. लडाख-तिबेटच्या सरोवरांवर पोचेपर्यंत ती पुरी होणार. मी त्याचा चाळीसएक वेळा फोटो काढला. त्यातला एकच धड आला, पण त्यात ते ठिगळ दिसतंय.

पाणटिवळे विटकरी, कुरव अर्धटोप्या, पिवळे धोबी दिवसेंदिवस जास्त पिवळे. डिसेंबरात जो धोबी ओळखताना पुस्तक उघडावं लागतं, तो आता लिंबासारखा समोर नाचत होता. हे सगळं एका दिशेने चाललं होतं.

आणि पट्टकादंब सापडले. उजनीकाठच्या एका गव्हाच्या तुकड्याला लागून थोडी हिरवळ होती, तिच्यावर. पहिल्यांदा ड्रायव्हरदादांनी बघितले. दादा आज नावेत आले होते, बसमध्ये झोपून कंटाळा आला म्हणून. काकांची जुनी दुर्बीण त्यांच्या गळ्यात होती आणि ते ती उलटी धरतात की काय याकडे सगळ्यांचं लक्ष. "ते काय, बदकं चरतायत का गाई?" म्हणाले. अकरा होते. खरंच गाईसारखे चरत होते, मान वर न करता, कचाकच. नावेच्या टपावर पोतं ठेवून स्कोप लावला. सहावीतली मुलगी पाच मिनिटं डोळा हलवेना, रांग लागली तरी.

या अकरांना पुढे हिमालय ओलांडायचा होता. उपग्रह-ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासांत हे पक्षी ७,००० मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. पण ते सतत उंचावरून जातात असं नाही. दरी आली की खाली उतरतात, डोंगर आला की पुन्हा चढतात, जमिनीला धरून. चढलेली उंची घालवून पुन्हा चढणं वेडेपणाचं वाटतं, पण विरळ हवेत पंख मारण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. शिवाय घारी-गिधाडांसारखं दुपारच्या वाऱ्यावर तरंगत नाहीत. पंख मारत जातात, तेही बहुतेक रात्री नाहीतर पहाटे, हवा गार आणि दाट असताना. रक्तच असं की कमी प्राणवायूतही तो धरून ठेवतं. सरांनी हे सगळं हळू आवाजात सांगितलं आणि पहिल्यांदाच कुणी मध्ये बोललं नाही. शेवटी ड्रायव्हरदादा म्हणाले, "म्हणजे घाट नाईट ड्यूटीला मारतात."

बाकीचे तीनशे गेले, हे अकरा का थांबले, याचे बरेच तर्क झाले. ते इथे देत नाही.

दुपारी मासे. उजनीची चिलापी, तळलेली आणि रश्श्यातली. शाकाहारी पंगतीला पिठलं. झोपा.

चार वाजता कडबनवाडीच्या माळावर. इंदापूर तालुक्यातला हा गवताळ प्रदेश. वनखात्याची परवानगी काढून ठरलेल्या वाटेनेच गाडी न्यायची, खाली उतरायचं नाही, मावळतीच्या आत बाहेर. मार्चमध्ये गवत वाळून सोन्यासारखं झालेलं, आणि नवखा माणूस म्हणतो, इथं काही नाही. माळ म्हणजे काही नसलेली जागा हा समज सरकारी कागदांतही फार वर्षं होता, 'पडीक' म्हणून नोंद करून तिथे झाडं लावली. झाडं लावणं चांगलं असं सगळेच शिकलोय, त्यामुळे माळावर झाड लावणं म्हणजे माळ मारणं, हे डोक्यात शिरायला वेळ लागतो. माझ्या तर फार उशिरा शिरलं.

पाच मिनिटांत चिंकारा दिसला, मग धाविक. हा पक्षी नावासारखा वागतो: तुरुतुरु दहा पावलं धावतो, ताठ थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. थांबला की दगड, धावला की पक्षी. पण सगळी गाडी फिदा झाली ती डोंबाऱ्यावर. चिमणीहून लहान चंडोल, राखी डोकं, काळं पोट. हवेत थरथरत चढतो, तीसेक मीटरवर पंख मिटतो आणि दगडासारखा खाली सुटतो. जमिनीवर आपटणार असं वाटतं तोच पंख उघडतो, झोका घेऊन वर जातो, पुन्हा मिटतो, पुन्हा सुटतो. प्रत्येक सुटीबरोबर एक लांब शीळ. खाली गवतात मादी असते म्हणे, पण आम्हाला दिसली नाही आणि तिचं वर लक्ष होतं की नाही तेही कळलं नाही. ज्याने कुणी याला डोंबारी नाव दिलं त्याने एकदा तरी माळावर बसून हे बघितलं असणार. खेळ करून पोट भरणाऱ्या माणसांचं नाव इतकं चपखल दुसऱ्या कुणाला लागू पडलं नसतं.

मावळतीला भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मुक्कामाला येऊ लागले. लांब पंख, गवताच्या शेंड्यांवरून तरंगत, डावीउजवीकडे कलत. रात्री ते जमिनीवरच, गवतात, एकमेकांपासून थोड्या अंतराने बसतात. यातलेही बरेच थोड्याच दिवसांत कझाकस्तानच्या बाजूला निघणार. दोन आले, पाच आले, आठवा येतो न येतो तोच वनरक्षकांनी घड्याळ दाखवलं. नियम बरोबर आहे, पण मन हळहळलं. पश्चिमेला पंचमीची कोर होती.

यादीवाचन: शंभरला तीन कमी.

रविवार

पहाटे साडेतीनला उठून नान्नज. सोलापूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटर. बसमध्ये सगळे झोपले. मोहोळच्या पुढे कधीतरी उजाडलं. काका तेवढे जागे होते आणि खिडकीची काच पुसत होते.

नान्नज म्हणजे माळढोक. १९७९ साली इथे अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं, गावं, रस्ते, सगळं आलं, त्यामुळे लोक वैतागले आणि पुढे ते कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक त्याच्याही वेगाने कमी झाला. काका १९८०च्या सुमाराला सोलापूरच्या शाखेत होते. सायकलवरून इकडे आले असताना भुईमुगाच्या रानात त्यांनी एक माळढोक चालताना बघितला होता. "कमरेएवढा," ते हात धरून दाखवतात, आणि प्रत्येक वेळी हात त्याच उंचीवर असतो. "घाई नव्हती त्याला. चालत चालत गेला."

घाई नसणं हेच त्याला भोवलं. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड जे काही आहेत त्यांतला एक. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, जड शरीर झटकन वळत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळतो. देशात आता मोकळ्या माळावर दीडशेसुद्धा उरलेले नाहीत आणि तेही बहुतेक जैसलमेरच्या बाजूला. तिथे २०१९पासून पिंजऱ्यात वाढवायचे प्रयत्न सुरू आहेत आणि ऑक्टोबर २०२४मध्ये कृत्रिम रेतनातून पिल्लूही जन्मलं. नान्नजला अलीकडे नोंद झालीच तर एखाददुसऱ्या पक्ष्याची. हे सगळं माहीत असूनही आम्ही बावीस जण मनोऱ्यावर चढून पाऊण तास चारी दिशांना बघत होतो. कुणी कुणाला काय शोधतोयस असं विचारलं नाही.

काळवीट पुष्कळ. एक नर शिंगं मागे टाकून, मान ताठ करून माद्यांभोवती फिरत होता, त्या खुशाल चरत होत्या.

साडेआठच्या सुमाराला वनरक्षकांनी एका लहान पाणवठ्यापाशी नेलं. आडोशामागे बसा, बोलू नका. बसलो. वीस मिनिटं काही नाही. मग वरून 'किट-रो, किट-रो' असा आवाज आला, आणि नजर वर जाईपर्यंत पक्षी उतरलेसुद्धा होते. पाण्यात नाही, पाण्यापासून तीसेक पावलांवर. पखुर्ड्या. मातीत मातीच्या रंगाच्या. आधी सगळ्या एकदम गोठल्यासारख्या बसल्या. मग एक चालू लागली, तिच्यामागे दुसरी, पाण्याच्या कडेला आल्या, चोच बुडवून आठ-दहा घोट घेतले आणि उडाल्या. पाच-सहा सेकंदांचं काम. ही लगबग समजण्यासारखी आहे, पाणवठ्यावर शिकारी बसलेला असतोच. पण एक नर मागे राहिला. पाण्यात पोटापर्यंत शिरला, पिसं फुलवून बसला आणि अंग डावीउजवीकडे हलवू लागला, कापड खळबळावं तसा. सरांनी माझा दंड घट्ट धरला. पखुर्डीच्या नराच्या पोटावरची पिसं स्पंजासारखी पाणी धरतात, आणि तो ते कैक किलोमीटर उडून पिल्लांकडे नेतो. पिल्लं पिसं चोखून पितात. सरांनी चाळीस वर्षं हे वर्गात शिकवलं होतं आणि आज पहिल्यांदा बघत होते. नर उठला, एकदा अंग सावरलं आणि गेला. दंडावर बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत होते. म्हणजे माळावर कुठेतरी पिल्लं होती.

परतताना इंदापूरला तहसील कचेरीच्या आवारात थांबलो. रविवार, कचेरी बंद, खिडक्यांपाशी कुणी नाही. वर चिंचेच्या झाडांवर मात्र पूर्ण हजेरी. चित्रबलाक करकोच्यांचं सारंगागार, म्हणजे घरट्यांची वस्ती. केशरी चेहरे, पिवळ्या चोची, पाठीमागे गुलाबी पिसं, आणि काड्यांवरून चाललेली भांडणं. एकाने लांबून फांदी आणली, शेजाऱ्याने ती घरट्यात ठेवायच्या आत ओढून घेतली. खालच्या बाकांवर, पायऱ्यांवर पांढरे शिंतोडे, आणि माशांचा वास. इथे रोज काम करणाऱ्यांनी हे चालवून घेतलंय याचं मला फार कौतुक वाटलं. मीही छत्री उघडूनच बघितलं.

भिगवणच्या पुढे, अंधार पडल्यावर, एका धाब्यावर शेवटचा चहा आणि शेवटचं यादीवाचन. सहावीतलीची पाळी होती. ती छापील यादीतलं प्रत्येक नाव वाचत होती, क्रमाने, न वगळता. 'माळढोक' आलं. तिने वाचलं आणि वर बघितलं. काका चहा ढवळत होते, साखर नसलेला. ती पुढे गेली: धाविक. बरेच हात वर झाले.

एकशे अठरा. दुर्बिणी पिशव्यांत गेल्या, स्कोप गुंडाळला गेला, पोतं आम्ही कुंभारगावला टाकून आलो होतो. तेवढ्यात ड्रायव्हरदादा बसच्या मागून हाक मारू लागले. "ओ सर! हे लिहिलं का?"

धाब्याच्या दिव्याच्या तारेवर मुठीएवढा पिंगळा बसला होता. गोल डोकं, पिवळे डोळे, आमच्याकडे वाकून वाकून बघत होता. दिव्याभोवतीचा एक किडा त्याने अलगद उचलला आणि पुन्हा तिथेच येऊन बसला.

"नाही लिहिला," सर म्हणाले. "एकशे एकोणीस."

"माझ्या नावावर लिहा," दादा म्हणाले. "आणि दोन साक्षीदार घ्या."